शाळेतल्या मारामाऱ्या रोखायला सरकारी पैसा: मिळतो, पण त्या नावाने नाही

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तासगाव तालुक्यातलं अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी, पट सहाशेच्या आसपास. नववी-दहावीच्या पोरांचे दोन गट, दोन वेगवेगळ्या गावांचे. आधी इन्स्टाच्या स्टोरीवरून खुन्नस, मग एसटी स्टँडवर राडा, त्याचा व्हिडिओ गावभर, आणि आता एकाच्या दप्तरात कोयता सापडला. संस्था म्हणते पैसे नाहीत. अमेरिकेत शाळेतला हिंसाचार रोखायला सरकार अनुदान देतं असं तुमच्या वाचनात आलं. आपल्याकडे तसं काही आहे का, असेल तर कॅमेरे, वॉचमन आणि समुपदेशक यांच्यासाठी अर्ज कुठे करायचा, हा तुमचा प्रश्न.

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात विस्तार अधिकारी म्हणून झाली. निवृत्तीनंतर सांगली-साताऱ्यातल्या शाळांचे प्रस्ताव बघून देतो, त्यामुळे फाइल टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेली आहे. ‘शालेय हिंसाचार प्रतिबंध’ नावाचं अनुदान शोधत जिल्हा परिषदेचे जिने चढलात तर रिकाम्या हाताने उतराल. पण तुम्हाला जे करायचंय त्यातली बरीच कामं दुसऱ्याच कुठल्या तरी नावाखाली सरकारी पैशात बसतात. काही पाणीपुरवठ्यात, काही क्रीडा साहित्यात, काही महिला व बालकल्याणात, काही पोलिसांकडे, काही सिव्हिलला. सगळी मेहनत ते नाव ओळखण्यात आहे.

तुम्ही मागितलेल्या तीन गोष्टी एका जातीच्या नाहीत, हे आधी लक्षात घ्या. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, त्याला बिल असतं, साठा नोंदवहीत नोंद होते, ऑडिटला दाखवता येतो. म्हणून सरकारला कॅमेऱ्याला पैसे देणं सोपं जातं. वॉचमनला दर महिन्याला पगार लागतो. समुपदेशकाला पगारही लागतो आणि पात्रतेचा माणूसही मिळावा लागतो. दर महिन्याचा खर्च म्हटला की प्रत्येक टेबलावर एकच विचारणा होते, ‘पुढच्या वर्षी कोण देणार?’ माझ्या अनुभवात मारामाऱ्या कमी करायला माणूस जास्त उपयोगी पडतो, आणि निधी मात्र वस्तूला लवकर मिळतो. पुढचं सगळं उत्तर या अडचणीतून वाट काढण्याबद्दल आहे.

पैशाआधी त्या कोयत्याचं बोलू, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. बहुतेक शाळा अशा वेळी दोनपैकी एक करतात: पालकांना बोलावून दाखला हातात देतात, नाहीतर प्रकरण दाबतात. मुलगा आठवीपर्यंतचा असेल तर काढून टाकणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये बसतच नाही. नववी-दहावीचा असेल तर दाखला देता येईल, पण तो मुलगा त्याच स्टँडवर, त्याच वेळेला, आता शाळेचा धाकही नसलेला उभा राहणार. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. बाल न्याय कायद्यातच, कलम १०७ मध्ये, ती तरतूद आहे. त्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. त्यात मुलाला गुन्हेगार ठरवण्याचा भाग नाही. कळवलं नाही आणि उद्या काही झालं, तर पहिला प्रश्न मुख्याध्यापकांना विचारला जाईल. दुसरं, तो व्हिडिओ शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवरून लगेच काढायला सांगा. अशा प्रकरणातल्या मुलांची ओळख उघड करायला त्याच कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. ‘पालकांना माहिती व्हावी म्हणून टाकला’ हे कारण तिथे चालत नाही.

आता अमेरिकेचं. तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण अर्धं. फ्लोरिडातल्या पार्कलँड इथल्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी गोळीबारात १७ जण गेले, त्यानंतर त्याच वर्षी तिथे शालेय हिंसाचार रोखण्यासाठी कायदा झाला. निधी त्यांच्या न्याय खात्याकडून दोन वाटांनी येतो. एका वाटेने प्रशिक्षण, निनावी तक्रारीची सोय, आणि धोका दिसणाऱ्या मुलाबाबत वेळेत बसून विचार करणारी पथकं. दुसऱ्या वाटेने कुलपं, दिवे, पोलिसांना लगेच कळवणारी यंत्रणा. या दुसऱ्या वाटेत एका अर्जदाराला जास्तीत जास्त ५ लाख डॉलर मिळू शकतात आणि खर्चातला चौथा हिस्सा स्थानिक पातळीवर उभा करावा लागतो. अर्जही एकटी शाळा करत नाही, राज्य, स्थानिक प्रशासन किंवा आपल्या तालुक्यासारखा शाळांचा जिल्हा करतो. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्यावर या निधीत आणखी भर पडली. आणि २०२५ मध्ये त्यांच्याच शिक्षण खात्याने शाळांमधल्या मानसिक आरोग्य सेवांसाठीचं सुमारे १ अब्ज डॉलरचं अनुदान पुढे चालू ठेवणार नसल्याचं कळवलं. ज्या शाळांनी त्या पैशावर समुपदेशक नेमले होते त्यांच्यापुढे तोच प्रश्न आला, पुढच्या वर्षी कोण देणार. म्हणजे तिकडे एक नाव असलेलं अनुदान आहे, आपल्याकडे दहा नावांत विखुरलेलं आहे, पण पगाराची अडचण दोन्हीकडे सारखीच. त्यांच्याकडून उचलण्यासारखी गोष्ट एकच: अर्ज करताना आधी ‘आमच्याकडे नेमकं काय घडतंय’ हे मांडावं लागतं.

तुमच्या बाबतीत बरंचसं शाळा कोणाची आहे यावर ठरतं. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा असती तर समग्र शिक्षा अभियानातून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान आलं असतं. २५१ ते १००० पटाला ७५,००० रुपये, त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर. मुलींच्या स्वसंरक्षणाचं राणी लक्ष्मीबाई प्रशिक्षण आलं असतं, क्रीडा साहित्याला वेगळे पैसे आले असते. पण आपल्या भागाचं वैशिष्ट्य असं की माध्यमिक शिक्षण बहुतांश खाजगी अनुदानित संस्थांनी उभं केलंय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली तेव्हापासूनची ती परंपरा आहे. अशा शाळांना सरकार शिक्षकांचा पगार देतं, बाकीच्या खर्चाला वेतनेतर अनुदान. ते किती आणि कधी येतं हे तुमच्या लिपिकाला विचारा, सुस्कारा टाकूनच उत्तर देईल. समग्र शिक्षेची वर सांगितलेली अनुदानं सरकारी शाळांसाठी आहेत. त्यामुळे ‘शेजारच्या झेडपी शाळेला मिळालं, आम्हाला का नाही’ हा वाद घालण्यात वेळ घालवू नका.

वॉचमनचंही तसंच. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपायांची पदं रिकामी होतील तशी भरण्याऐवजी ठोक भत्ता द्यायचं ठरलं. पूर्वी फाटकावर आयुष्य काढलेला एक मामा असायचा, त्याला प्रत्येक पोराचा बाप माहीत असायचा. तो माणूस निवृत्त झाल्यावर त्याची जागा कॅमेऱ्याने भरून निघेल असं कोणी समजू नये. माझं मत विचाराल तर शाळांतली शिस्त ढिली होण्यात मोबाइलइतकाच वाटा या रिकाम्या फाटकाचा आहे. पण ते एका शाळेच्या प्रस्तावाने सुटणारं नाही.

तुमच्या हातात लगेच असलेली गोष्ट म्हणजे नोंदवही. शंभर पानी साधी वही घ्या. तारीख, वेळ, ठिकाण, कोणत्या इयत्तेतली मुलं, आधी काय घडलं होतं, कोणी पाहिलं, शाळेने काय केलं, एवढे रकाने. मुलांची नावं या वहीत लिहू नका, हजेरी क्रमांक आणि तुकडी पुरे. नावाची माहिती मुख्याध्यापकांच्या कपाटात वेगळी. फक्त मोठे राडे लिहून चालत नाही. ढकलाढकली, वही फाडणं, सायकलची हवा सोडणं, जातीवरून टोमणा, मुलीच्या वाटेत उभं राहणं, सगळं. महिना-दीड महिना प्रामाणिकपणे भरली की वही स्वतःच बोलायला लागते.

जत भागातल्या एका शाळेत अशी वही भरायला लावली होती. सगळ्यांना वाटत होतं की भांडणं मैदानावर होतात. वहीत दिसलं की निम्म्याहून जास्त नोंदी मधल्या सुट्टीच्या पहिल्या दहा मिनिटांतल्या आणि पाण्याच्या टाकीजवळच्या आहेत. टाकीला नळ सहा, त्यातले चालू दोन. मोठी पोरं पुढे घुसायची, लहान मागे ढकलली जायची, बाटली पडायची, आणि तिथे लागलेली ठिणगी संध्याकाळी शाळेबाहेर पेटायची. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या निधीत पाण्यासाठी राखून ठेवलेला भाग असतो. सरपंचांनी त्यातून नळ आणि दुसरी टाकी करून दिली. कागदावर ते ‘शाळेस पिण्याच्या पाण्याची सुविधा’ असं काम होतं. हिंसाचार हा शब्द कुठेही नव्हता. शाळेने त्याबरोबर पाचवी-सहावीची सुट्टी दहा मिनिटं आधी सोडायला सुरुवात केली, त्याला तर रुपयाही लागला नाही. भांडणं संपली असं मी म्हणणार नाही, पण टाकीजवळच्या नोंदी जवळजवळ थांबल्या.

तुमच्याकडे स्टँडचा उल्लेख आहे म्हणून माझा अंदाज सांगतो: शाळा सुटते आणि गाड्या सुटतात यांच्यामध्ये किती वेळ जातो ते मोजा. दोन्ही गावांची पोरं अर्धा-पाऊण तास एकाच शेडखाली, मोठं माणूस कोणी नाही, हातात मोबाइल. अशा ठिकाणी राडा झाला नाही तरच नवल. आगार व्यवस्थापकांना मुख्याध्यापकांचं पत्र द्या, सोबत पासधारक विद्यार्थ्यांची गावनिहाय संख्या जोडा, आणि एका गावची गाडी वीस मिनिटं अलीकडे घेता येईल का विचारा. संख्या जोडलेलं पत्र आणि नुसती विनंती यांत फार फरक पडतो. गाडी बदलेपर्यंत दोन शिक्षकांची पाळी स्टँडवर लावा. शिक्षक कुरकुर करतील, रास्तही आहे, म्हणून पाळी सगळ्यांना सारखी हवी, मुख्याध्यापकांसकट.

वही भरून झाली की पैशाच्या कामाला लागायचं. कॅमेऱ्यांपासून सुरुवात करू, कारण तिथे सक्तीही आहे. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. त्यात शाळेत आणि परिसरात सीसीटीव्ही, तक्रार पेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, विद्यार्थी सुरक्षा समिती अशा गोष्टी आहेत, आणि आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली आहे. सरकारी शाळांना यासाठी जिल्हा नियोजनाच्या निधीचा आधार आहे. खाजगी व्यवस्थापनाच्या शाळांनी मात्र स्वतः बसवायचे. म्हणजे तुमच्या संस्थेला ‘पैसे नाहीत’ हे उत्तर शिक्षकांना देता येतं, शिक्षणाधिकाऱ्यांना देता येत नाही. संस्थेच्या सचिवांशी बोलताना हा शासन निर्णय टेबलावर ठेवा, आवाज चढवायची गरज पडत नाही.

संस्थेला खरंच झेपत नसेल तर तीन दारं. आमदारांचा स्थानिक विकास निधी: अनुदानित शाळांना त्यातून काय देता येतं हे वेळोवेळी बदलतं, म्हणून आमदारांच्या कार्यालयाआधी जिल्हा नियोजन कार्यालयात जाऊन चालू मार्गदर्शक सूचना बघा. सांगलीत ते विजयनगरला, जिल्हाधिकारी कार्यालयात. दुसरं दार कंपन्यांचं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. कुपवाड, मिरज, पलूस, किर्लोस्करवाडी हा पट्टा तुमच्यापासून लांब नाही. इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. लोक पहिल्यांदा सहकारी साखर कारखान्यात जातात आणि ‘तुमचा सीएसआर द्या’ (म्हणजे हाच सामाजिक कामाचा पैसा) म्हणतात. सहकारी कारखाना कंपनी नाही, तो सहकार कायद्याखाली येतो, त्याला ही २ टक्क्यांची सक्ती लागू नाही. तो देईल तर स्वतःच्या मर्जीने, संचालकांच्या ठरावाने. तिथे मागणीचं पत्र वेगळ्या भाषेत लिहावं लागतं. कंपनीकडे जाताना मात्र संस्थेची आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी आणि सीएसआर-१ हा अर्ज भरलेला आहे का ते आधी पाहा, नाहीतर साहेब कितीही चांगले असले तरी त्यांचा अकाउंट्स विभाग पैसे सोडणार नाही. तिसरं दार माजी विद्यार्थी. त्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, दहावीच्या बॅचचे ग्रुप तुमच्याच मोबाइलमध्ये असतील.

कॅमेऱ्यांचं अंदाजपत्रक करताना वहीतली ठिकाणं घ्या: फाटक, जिन्याचं वळण, सायकल स्टँड, टाकी, स्वच्छतागृहांकडे जाणारी बाहेरची वाट. स्वच्छतागृहाच्या आत किंवा मुली कपडे बदलतात त्या खोलीत कधीही नाही. रेकॉर्डिंग यंत्राला इन्व्हर्टर धरा, कारण आपल्याकडे वीज जाते ती नेमकी नको त्या वेळी. आणि वार्षिक देखभालीचा खर्च पहिल्याच दिवशी लिहा. मी बघितलेल्या किती तरी शाळांत कॅमेरे आहेत, लाल दिवा लागतो, आणि हार्ड डिस्क केव्हाच बंद पडलेली आहे. ते पोरांना शिक्षकांच्या आधी कळतं.

आता माणसांचं. संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शाळेला मंजूर होणाऱ्या पदांच्या यादीत, समुपदेशकाचं पद नाही, त्यामुळे तुमच्या शाळेला पगारी समुपदेशक कोणत्याही अनुदानातून कायमचा मिळेल अशी आशा धरू नका. पण ज्यांचा पगार सरकार आधीच दुसरीकडे देतंय अशी माणसं शाळेत आणता येतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेखाली समुपदेशक असतो. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला पत्र द्या, सोबत वहीचा गोषवारा. सिव्हिलला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. आधी त्यांच्या शाळा-भेटी कधी असतात विचारा, मग त्यांच्या तारखेप्रमाणे तुमचं वेळापत्रक बदला. उलट करायला गेलात तर वर्ष जाईल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शाळेत येऊन कायद्याची माहिती विनामूल्य देतं, आणि कोयत्याच्या प्रसंगानंतर वकिलाने किंवा न्यायाधीशांनी तोंडावर सांगितलेलं पोरं ऐकतात. पोलिसांचं निर्भया पथक मुलींशी बोलायला येतं. एखाद्या मुलाचं प्रकरण हाताबाहेर वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हे क्रमांक वर्गावर्गात मोठ्या अक्षरात लावा. ऑफिसबाहेर लावू नका, तिथे उभं राहून नंबर लिहून घ्यायची हिंमत कोणत्या मुलाला होणार?

नियमित येणारा माणूस हवा असेल तर समाजकार्य महाविद्यालयांकडे जा. एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातले ठरलेले दिवस क्षेत्रकार्य करावं लागतं आणि त्यांच्यावर प्राध्यापकांची देखरेख असते. वर्षभर तीच दोन मुलं शाळेत आली तर नववीतली पोरं त्यांच्याशी मोकळी होतात, कारण वयाचं अंतर कमी. मर्यादा स्पष्ट ठेवा: लैंगिक छळाचा संशय असलेली कोणतीही गोष्ट त्यांनी स्वतः हाताळायची नाही, लगेच मुख्याध्यापकांना सांगायची. पोक्सो कायद्यात अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि ती दडवली तर कैद होऊ शकते, हाताखालच्या माणसाचं प्रकरण संस्थाप्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत. इथे ‘आधी आपण चौकशी करू’ हा पर्यायच नाही.

शिवाय तुमच्याच स्टाफमध्ये बघा. शालेय आरोग्य व वेलनेस कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षकांना, एक पुरुष एक महिला, आरोग्य दूत म्हणून प्रशिक्षण देण्याची योजना आहे, आणि त्यात भावनिक आरोग्य आणि हिंसेपासून सुरक्षितता हे विषय आहेत. तुमच्या शाळेतून कोणी गेलं होतं का विचारा. बऱ्याचदा गेलेलं असतं, प्रमाणपत्र फाइलला लागलेलं असतं, आणि पुढे त्या शिक्षकाला त्या कामासाठी एक तासही दिलेला नसतो. आठवड्याला दोन तासिका मोकळ्या देणं हे मुख्याध्यापकांच्या हातात आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचंही तेच. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत असायला हवी. पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, पालक, विद्यार्थी सगळे तीत येतात. तुमच्या दोन गटांची दोन्ही गावं ज्यांना ओळखतात अशी माणसं त्या समितीत आहेत. त्यांची बैठक इतिवृत्तापुरती न घेता एकदा खरी घ्या आणि दोन्ही गावच्या पोलीस पाटलांना समोरासमोर बसवा. पोरांची खुन्नस पुष्कळदा घरातल्या जुन्या बांधाच्या भांडणावरून किंवा यात्रेतल्या मानावरून आलेली असते, आणि ती शाळेत सुटत नाही.

मुलींच्या स्वसंरक्षणासाठी जिल्हा परिषदेची महिला व बालकल्याण समिती बघा. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग या कामांसाठी असतो आणि त्यात हे प्रशिक्षण बसतं. ग्रामपंचायतीलाही महिला-बालकल्याणावर १० टक्के खर्च करायचा असतो. दरवर्षी त्याचं काय करायचं हा ग्रामसेवकांना प्रश्नच असतो, तुम्ही नीट प्रस्ताव दिलात तर त्यांची सोयच होते. फक्त एक विनंती, मुलींना कराटे शिकवलं म्हणजे मुलांवरची जबाबदारी संपली असं होऊ देऊ नका. तुमच्या वहीत बहुतेक नोंदी मुलांच्याच असणार.

आता प्रस्तावाची भाषा. पुष्कळ शाळा लिहितात, ‘शाळेत हिंसाचाराचे प्रमाण वाढले असून विद्यार्थी भयभीत आहेत, तरी निधी मिळावा.’ असा अर्ज टेबलावर आला की निधीच्या आधी चौकशी लागते, संस्था घाबरते, आणि पुढच्या वेळी मुख्याध्यापक काहीच कळवत नाहीत. त्याऐवजी असं लिहा: ‘शासन निर्णय दि. २१ ऑगस्ट २०२४ च्या अनुषंगाने शाळेने नोंदवही ठेवून अमुक ठिकाणे निश्चित केली आहेत. तेथे सीसीटीव्ही, प्रकाशव्यवस्था व अतिरिक्त नळ प्रस्तावित आहेत. सोबत नकाशा, तीन कोटेशन, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, संस्थेचे देखभाल खर्चाचे हमीपत्र.’ यात लपवाछपवी नाही. घटनांचा गोषवारा जोडलेला आहेच. फक्त मागणी वस्तूची आणि ठिकाणाची आहे, त्यामुळे ज्याच्याकडे ती फाइल जाते त्याला ती खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली टाकायची ते कळतं. देखभालीचं हमीपत्र नसलेले प्रस्ताव मी नोकरीत असताना मागे ठेवायचो, आताचे साहेबही ठेवतात.

यू-डायसचा, म्हणजे शाळेची माहिती सरकारला दरवर्षी कळवायचा, फॉर्म कोण भरतं तेही बघा. शाळा सुरक्षेच्या रकान्यांत सगळीकडे ‘होय’ टिक केलेलं असतं, कारण ‘नाही’ लिहिलं तर विचारणा होईल ही भीती. कागदोपत्री तुमच्याकडे सगळं असेल तर मागणी कशाची करणार? जे नाही ते ‘नाही’ असंच भरा.

थोडक्यात क्रम असा लागतो: पोलीस ठाण्याला पत्र आजच, वही उद्यापासून, एसटीचं पत्र आणि सुट्टीची वेळ या आठवड्यात, बाल संरक्षण कक्ष आणि सिव्हिलला पत्रं वहीचा गोषवारा तयार झाला की, आणि कॅमेरे-नळ-दिव्यांचा प्रस्ताव त्याच्यानंतर. हे तुमच्या शाळेसाठी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कोणी हे वाचत असेल तर त्यांचा शेवटचा टप्पा सोपा आहे, पहिले सगळे तेच.

वेळेचं एक गणित राहिलं. जिल्हा वार्षिक योजनेचा पुढच्या वर्षाचा आराखडा दिवाळीनंतर तयार व्हायला लागतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत ठरतो. त्यात नाव यायचं तर दिवाळीआधी प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पुढे गेलेला हवा. ते हुकलं तरी दुसरी संधी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्या विभागांचा पैसा खर्च होत नाही त्याचं पुनर्विनियोजन होतं, म्हणजे तो दुसऱ्या कामांकडे वळवला जातो, आणि तेव्हा ज्याच्या हातात अंदाजपत्रक, ठराव, कोटेशन सगळं लावलेली फाइल तयार असते त्याचा नंबर लागतो. त्या दिवसांत ‘चार दिवसांत करून देतो’ म्हणणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही. अनुदानित शाळेला त्यात थेट हिस्सा मिळेलच असं नाही, पण रस्त्यावरचा दिवा, फाटकासमोरचा गतिरोधक, ग्रामपंचायतीच्या जागेतला कॅमेरा ही कामं शाळेच्या मालकीची नसतात आणि तरी तुमच्याच मुलांसाठी असतात. ती ग्रामपंचायतीच्या नावाने मागा. सरपंचांना वही दाखवा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.